भूक नसलेली आई

बाईंच्या पोटात कावळे कोकलत होते आणि माइकला ते ऐकू येत होते.

"बाई, पुन्हा," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. दाढीवाला, मवाळ माणूस. त्याने हेडफोन गळ्यात उतरवून हात जोडले. "तुमचं वाक्य झकास आलं. पण मागून पोट बोलतंय."

"मग त्याचंही रेकॉर्ड करून टाका," बाई म्हणाल्या. "ह्या अख्ख्या पुस्तकात त्या बिचाऱ्याला कुठे तोंड उघडू दिलेलं नाही."

रेकॉर्डिस्ट हसला. त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेला बाईंचा मुलगा हसला नाही. पुस्तक त्याचं होतं.

ह्या बाईंना अजूनही सगळे अनाउन्सरबाई म्हणत. बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागे एक लहानशी खोली होती, तिथे बसून त्यांनी उभा जन्म गाड्या सोडल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलंय आणि चौकशीपाशी भोकाड पसरून बसलंय, हे सगळं लोकांना त्यांच्या आवाजात कळायचं. त्या आवाजाचा एक नियम होता. गाडी वेळेवर असो नाहीतर घाटात बंद पडलेली असो, सूर तोच ठेवायचा. सांगताना आपला जीव त्यात मिसळायचा नाही, कारण ऐकणारे आधीच धास्तावलेले असतात. रिटायर होऊन बराच काळ लोटला, तरी बाजारात त्यांनी नुसतं "वांगी कशी दिली?" म्हटलं की दोन-चार म्हातारी माणसं वळून बघत आणि एखादा उगाचच आपली पिशवी उचलून उभा राहायचा.

मुलाला घरी बाळ्या म्हणत. आता बाळ्याचे केस कानांवर पांढरे झाले होते आणि दाराच्या चौकटीखालून जाताना त्याला मान वाकवावी लागे, पण नाव काही वाढलं नव्हतं. बाहेर मात्र तो मोठा लेखक होता. त्याने पुष्कळ पुस्तकं लिहिली, पण लोकांनी उचलून धरली ती एकच कादंबरी, आईवरची. तिच्यातलं 'रिकामं ताट' हे प्रकरण तर शाळेच्या पुस्तकात गेलं. संध्याकाळी मुलगा खिडकीत बसून आईची वाट बघतो. आई कामावरून येते, दमलेली, उशिरा. पातेल्यात भात थोडा उरलेला असतो. तो सगळा ती मुलाच्या ताटात ओढते आणि म्हणते, "मला भूक नाही रे, तू खा." पुढे मुलगा म्हणतो, आईला भूक लागलेली मी कधी पाहिली नाही. इथे वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा आवाज हमखास चिरकायचा आणि मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प व्हायची.

त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य होतं. 'आईच्या हातांना लोण्याचा वास यायचा. आमच्या घरात तर लोणी कधीच नसे.' ह्यावर एका समीक्षकाने अख्खा लेख लिहिला होता. लोणी म्हणजे माया, लोणी म्हणजे मातीतली ओल, लोणी म्हणजे न पाजलेलं दूध. तो लेख वाचून बाईंना त्या गृहस्थाच्या घरच्या स्वयंपाकाची काळजी वाटली होती.

खरी गोष्ट अगदी साधी होती. बाईंना खरोखरच भूक नसायची. त्या जेवून आलेल्या असायच्या.

ड्यूटी संपली की स्टँडच्या कॅन्टीनमध्ये, भटारखान्याच्या दाराशेजारच्या टेबलावर त्या बसायच्या. समोर लंबू. लंबू म्हणजे त्यांची मैत्रीण, गाडीवर कंडक्टर होती, इतकी उंच की गाडीतला दांडा तिच्या कपाळाला लागायचा. बाईंसाठी कांदा घातलेलं आमलेट आणि लोणी थापलेला पाव यायचा, लंबूसाठीही तेच. लंबू दिवसभरच्या उतारूंच्या नकला करायची. तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणारा, कोंबडीला पोटाशी धरून "हे माझं बाळ आहे" म्हणणारी म्हातारी. दोघी हसून हसून टेबलावर आडव्या व्हायच्या. मग हात पुसून बाई घरी निघायच्या. बाळ्याचे बाबा दुसऱ्या गावी नोकरीला होते, सुट्टीत तेवढे यायचे. बाळ्या शेजारच्या काकूंकडे असायचा. घरी गेलं की पुढचा रामरगाडा होताच. पण ते टेबल बाईंचं होतं.

हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं, ही ह्यातली गंमत. कादंबरी आली तेव्हा एका दुपारीत ती वाचून काढून त्यांनी मुलाला समोर बसवलं होतं.

"अरे बाळ्या, मला खरंच भूक नसायची. मी कॅन्टीनमध्ये हादडून यायचे."

बाळ्याचे डोळे भरून आले. त्याने आईचे दोन्ही हात धरले. "आई, आता तरी पुरे कर गं. अजूनही मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतेस?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण पुढच्याच मुलाखतीत बाळ्याने तेही सांगून टाकलं. मग एक वर्तमानपत्रवाली मुलगी घरी आली. तिला बाईंनी आमलेटात कांदा किती असायचा इथपर्यंत सगळं सांगितलं. छापून काय आलं? 'आजही ती माउली म्हणते, मी जेवले होते.' आता बोला! लोक आणखी रडले. वाचक घरी यायला लागले ते डबे घेऊन. एवढं मात्र बरं झालं, बाई म्हणायच्या, आणि डबे मनापासून चाटूनपुसून खायच्या. त्यांना खाताना बघून डबेवाले पुन्हा रुमाल काढायचे. एकदा माणसाला मखरात बसवलं की त्याने "मला उतरायचंय" म्हटलं तरी लोकांना ते स्तोत्रासारखंच ऐकू येतं.

तेव्हापासून बाई पुस्तकातल्या आयांकडे जरा संशयाने बघायला लागल्या. त्यांना वाचनाची आवड होती. डेपोच्या लायब्ररीतली बरीच कपाटं त्यांनी पालथी घातली होती. आता लक्ष देऊन बघितलं तर सगळीकडे तोच प्रकार. मुलगे लिहायला बसले की आई दिव्याच्या उजेडात काहीतरी शिवत असते आणि एकदा ती खोकायला लागली की समजावं, शेवटचं प्रकरण जवळ आलं. मुली लिहायला बसल्या की तीच आई दाराला कडी घालून उभी असते. कुणा आईची दाढ दुखत नाही, कुणी पत्त्यांत चोरून हुकूम ठेवत नाही, कुणाला उगाचच, काही कारण नसताना, घरी जायला उशीर करावासा वाटत नाही. बाईंना ह्या सगळ्या बाया चांगल्याच वाटायच्या. पण ह्यातल्या एकीबरोबरही कॅन्टीनमध्ये बसता आलं नसतं.

आणि हे दुःख विनोदात काढण्याइतकं हलकं नव्हतं. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. आपण गेल्यावर बाळ्या रडेल, खूप रडेल, हे त्यांना माहीत होतं. तो रडेल त्या पुस्तकातल्या बाईसाठी. माझ्यासाठी कोण रडणार? हा प्रश्न त्यांना अधूनमधून दुपारचा पडायचा आणि मग चहा कडू लागायचा.

म्हणून प्रकाशकाने 'ही कादंबरी ऐकायचं पुस्तक म्हणून काढू, आणि आवाज खुद्द आईचाच' अशी टूम काढली तेव्हा बाईंनी लगेच होकार दिला. बाळ्याला वाटलं, आईला आपला अभिमान वाटतो. तो वाटतच होता. पण बाईंना वाटलं होतं, निदान ऐकताना तरी ह्याच्या कानात आपण शिरू.

बाकीची प्रकरणं लोण्यातून सुरी जावी तशी गेली. रेकॉर्डिस्टने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, खाऊन येत चला. माइक फार चोंबडा असतो." त्यामुळे त्या रोज नीट खाऊन यायच्या. आज 'रिकामं ताट' होतं. आज बाळ्या स्वतः ऐकायला येणार होता, म्हणून सकाळी सकाळीच गाडी घेऊन दारात हजर झाला. तव्यावर पाव टाकलेला होता, तो तसाच राहिला. "चल आई, चल, मूड जाईल," म्हणत त्याने आईला गाडीत घातलं. आईने खाल्लं का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या आईला भूक लागत नसे.

"पुन्हा घेऊ या?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

बाईंनी घसा साफ केला आणि वाचलं. "मला भूक नाही रे, तू खा." पोटाने ताबडतोब उलटसाक्ष दिली.

"आई, थांब," बाळ्या माइकचं बटण दाबून म्हणाला. "पोटाचं जाऊ दे, ते पुसता येईल. पण तू हे गाडी रद्द झाल्यासारखं वाचतेयस. इथे आवाज भरून यायला हवा."

"का?"

"का म्हणजे? उपाशी आहेस ना तू."

"आत्ता आहे. तेव्हा नव्हते."

रेकॉर्डिस्ट एकदम वायरींमध्ये काहीतरी शोधायला लागला. बाळ्याने डोळे मिटून घेतले, हट्टी पण लाडक्या माणसापुढे मिटावेत तसे.

"आई, प्लीज. आता नको."

बाईंनी पुस्तक मिटलं. चष्मा काढला. "मी जेवल्याशिवाय हे वाक्य म्हणणार नाही."

"बिस्किटं मागवतो ना."

"बिस्किटं तू खा. मला जेवायचंय. चल माझ्याबरोबर."

स्टुडिओ स्टँडच्या मागच्याच गल्लीत होता. बाई पुढे आणि बाळ्या मागे, असे दोघे फलाट ओलांडून कॅन्टीनमध्ये शिरले. भिंतींचा रंग बदलला होता, पंखे नवे होते, पण भटारखान्याच्या दाराशेजारचं टेबल जागेवर होतं. बाई सरळ जाऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या. आमलेट, कांदा जास्त, पाव लोणी लावून, असं त्यांनी वेटरला सांगितलं तेव्हा दारातला एक ड्रायव्हर दचकून आपली गाडी लागली का ते बघायला बाहेर गेला. बाळ्याने नुसता चहा सांगितला. लंबू आता नाही, एवढंच बाई समोरच्या, बाळ्याच्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. बाळ्याला लंबू कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही, तो सारखा घड्याळ बघत होता.

ताटली आली. तव्यावरचा पाव, त्यावर वितळणारं लोणी, करपलेल्या कांद्याच्या कडा. बाईंनी कोपरं टेबलावर टेकली, पावाचा तुकडा मोडून आमलेटाची कुरकुरीत कड त्यात गुंडाळली आणि डोळे मिटून पहिला घास घेतला. दुसरा घास. बोटांवर ओघळलेलं लोणी त्यांनी सरळ चाटलं. घरी त्या नेहमी ओट्याशी उभ्याने, सगळ्यांचं झाल्यावर, दुसरंच काहीतरी करत करत जेवायच्या. असं बसून, असं लक्ष देऊन खाताना बाळ्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पण तो बघत नव्हता. तो हुंगत होता.

त्याने आईचा हात धरला, खाता हात, आणि नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. बाजूच्या टेबलावरचे दोघे बघायला लागले.

"हा वास," तो म्हणाला.

"लोण्याचा."

"हा तो वास आहे." त्याचा चेहरा थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. "आई, हा तोच वास आहे."

"मग मी इतकी वर्षं काय सांगतेय?"

चहा आला, त्यावर साय धरली, तरी बाळ्याने कपाला हात लावला नाही. त्याने रोज का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, रोज. मग लंबू कोण, तेही त्याने विचारलं, आणि बाईंनी कोंबडीला बाळ म्हणणाऱ्या म्हातारीची नक्कल करून दाखवली. लंबूइतकी नाही जमली. बाळ्याच्या ओठांचा कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर आला.

"मी खिडकीत बसलेलो असायचो," तो म्हणाला.

"माहीत होतं मला."

"माहीत असून?"

इथे बाईंना म्हणता आलं असतं की भुकेली मी फार वाईट असते, उपाशी घरी आले असते तर तुला रोज धपाटे मिळाले असते. ते खोटंही नव्हतं. पण ते पुन्हा त्याच्यासाठी केल्यासारखं झालं असतं, आणि तसलं आता त्यांना एकही नको होतं.

"माहीत असून," त्या म्हणाल्या. "तुझी ओढ असायची, बाळ्या. इथलीही असायची. मला इथे बसायला आवडायचं. दिवसभरात एवढंच एक कुणासाठी नसायचं."

बाळ्या टेबलावरच्या ओल्या डागावरून बोट फिरवत राहिला. मग मान वर न करता बोलला, आणि आवाज एकदम लहान मुलाचा निघाला.

"काकू मला वाढायच्या. रोज. ताट घेऊन खिडकीपाशी यायच्या. मी जेवायचो नाही. तुझ्याबरोबर जेवायचं म्हणून थांबायचो."

"काकू तर म्हणायच्या, व्यवस्थित जेवला."

"मीच तसं सांगायला लावायचो. नाहीतर तू त्यांना बोलली असतीस." तो थांबला. "त्या ताट पुढे करायच्या ना, तेव्हा मी म्हणायचो, मला भूक नाही."

बाईंच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

इतकी वर्षं ते वाक्य पुस्तकात त्यांच्या तोंडी होतं. त्यांना वाटायचं, पोराने ते कुठल्यातरी दुसऱ्या पुस्तकातून उचललंय, दिव्याशी शिवणाऱ्या आयांच्या पुस्तकातून. ते त्याचंच होतं. स्वतःची भूक त्याने आईच्या पोटात नेऊन ठेवली होती आणि मग तिच्यासाठी रडत बसला होता. आणि इथे, ह्याच टेबलावर, आपण पाव मोडत होतो, हसत होतो, तेव्हा ते पोर ताट परत पाठवत होतं. ह्या टेबलाबद्दल बाईंना आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं. आताही टेबलाबद्दल वाटत नव्हतं. वाटत होतं ते त्या ताटाबद्दल.

"मला कुणी सांगितलं नाही रे," त्या म्हणाल्या.

"मीच नाही सांगितलं."

बाईंनी वेटरला हाक मारली. त्या हाकेने अर्धं कॅन्टीन वळलं. "अजून एक आमलेट. ह्याला. पाव दोन, लोणी भरपूर."

"आई, मला भूक..." बाळ्या म्हणाला आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. तो हसायला लागला, मग हसता हसता त्याने रुमाल काढला. ताटली आली तेव्हा तो खाली मान घालून खायला लागला, भराभर, तोंड भरून, शाळेतून आलेल्या पोरासारखा. बाई त्याचं खाणं बघत बसल्या. मधेच त्यांनी त्याच्या ताटलीतली कुरकुरीत कड उचलली, कारण ती त्यांना आवडायची.

परत येताना फलाटावर बाळ्या म्हणाला, "वाक्य बदलतो. प्रकाशकाशी बोलतो मी. सगळं प्रकरणच नव्याने लिहितो."

"आधी हे वाचून होऊ दे," बाई म्हणाल्या. "पुढचं पुढे. आणि लिहिशील तेव्हा लंबूला घे. ती नसेल तर मला नको घेऊस."

रेकॉर्डिस्टने दार लावलं. लाल दिवा लागला. बाईंनी चष्मा चढवला, बोट ओळीवर ठेवलं. पोट शांत होतं, भरलेलं, ऊबदार. पातेलं, भात, ताट, सगळं त्यांनी नेहमीच्या सुरात, गाड्या सांगाव्यात तसं वाचलं. मग ते वाक्य आलं. "मला भूक नाही रे," त्या म्हणाल्या, अगदी सहज, तृप्त बाईसारख्या, कारण त्यांना भूक नव्हतीच. पुढचे दोन शब्द तेवढे राहिले होते. खिडकीतलं पोर त्यांच्याकडे बघत होतं.

"तू खा."

आणि उभ्या जन्मात माइकसमोर जे कधी झालं नव्हतं ते झालं. आवाज फाटला.

रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले, दाढीवरून हात फिरवला, डोळे पुसले. "बाई," तो कसाबसा म्हणाला, "आता आला. उपाशी आईचा आवाज असाच असणार. मी आता हे पुन्हा घेणार नाही."

बाईंनी काचेपलीकडे पाहिलं. स्टुलावर बसलेल्या बाळ्याने दोन्ही हात चेहऱ्यावर धरले होते, आणि तो रडतोय असं कुणालाही वाटलं असतं. तो बोटांचा वास घेत होता.